शेवंतीचा नववा नंबर

वर्तकनगरातल्या त्या शाळेत मुलींच्या बेसबॉल संघाचा कायदा एका पुठ्ठ्यावर टांगलेला असे. खेळाचं सामान ठेवायच्या खोलीच्या दाराला खिळा, खिळ्याला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर रोज एक नवा कागद आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल. मुलगी मैदानात आली की तिने कागदावर आपलं नाव लिहायचं. आधी येईल तिचं आधी. आणि ज्या क्रमाने नावं, त्याच क्रमाने त्या दिवशी बॅटिंग.

हा कायदा राजरत्न सरांचा. त्यांना त्याचा मनापासून अभिमान होता आणि त्याला कारणही होतं. तरुणपणी सर एका क्लबात क्रिकेट खेळायचे. हात चांगला होता. पण क्लबाच्या अध्यक्षांचा भाचा सलामीला जायचा आणि सर दहाव्या नंबरचे पॅड बांधून संध्याकाळपर्यंत बसून राहायचे. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की आपल्या हातात मैदान आलं तर तिथे वशिला चालू द्यायचा नाही. "घड्याळ कुणाचा मामा नसतं," असं ते मुलींना सांगत. मुलींनाही ते पटे.

शेवंतीलाही दोन वर्षं पटलं होतं. तेव्हा तिचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत होतं. मग भाडं वाढलं आणि घर लांब, लोकलने यावं लागतं तिथे, दिव्याला गेलं. शाळा मात्र तीच राहिली. दिव्याला नळाला पाणी पहाटे साडेपाचला येई आणि सव्वासहाला जाई. आई वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात पहिल्या पाळीला, म्हणजे पाणी भरायचं ते शेवंतीने. दोन पिंपं, चार हंडे, एक टाकी, आणि मग पाठीला दप्तर लावून पळत सुटायचं. ती सव्वासातला मैदानात पोचे. सराव साडेसातचा. म्हणजे उशीर एकदाही नाही. पण बाकीच्या साऱ्या मुली आसपासच्या कॉलन्यांमधल्या, त्या साडेसहापासून जमत. कागदावर आठ नावं झालेली असत आणि खाली एक ओळ तिच्यासाठी उरलेली असे. वर्षभर शेवंती नवव्या नंबरावर होती.

आता बेसबॉलमध्ये नववा नंबर म्हणजे काय, ते सांगायला हवं. नऊ जणी ओळीने बॅटिंगला येतात. तीन आऊट झाल्या की डाव संपतो आणि समोरचा संघ बॅट हातात घेतो. आपली पाळी पुन्हा आली की ओळ जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरू होते. शाळेच्या सामन्यात असे पाच डाव. बॅटर फटका मारून सुखरूप बेसवर, म्हणजे मैदानातल्या ठरलेल्या खुणेवर पोचली, की तिच्या नावावर एक हिट. हिट किती, हे संघाच्या वहीत चित्राबाई लिहीत. बाई शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. घरी करमत नाही म्हणून छत्री आणि पट्ट्यांची खुर्ची घेऊन प्रत्येक सामन्याला येत.

डिसेंबरात जिल्हा निवड चाचणीचं पत्र आलं. चाचणी कल्याणला, आणि प्रत्येक शाळेने चार नावं पाठवायची. सरांनी शनिवारी फळ्यावर हिट लिहून दाखवल्या. क्षिप्रा अकरा. त्याखाली एकीच्या दहा, एकीच्या नऊ. चौथी सोनल, आठ. मग शेवंती, सात.

"उद्याचा सामना झाला की यादी जाईल," सर म्हणाले. "पहिल्या चार."

शेवंती फळ्याकडे बघत बसली. मुली गेल्या तरी ती हलली नाही. चित्राबाई वही पिशवीत घालत होत्या.

"बाई, माझ्या सातच?"

"सात. मीच लिहिल्यात."

"एक कमी पडली."

बाईंनी वही पुन्हा बाहेर काढली आणि तिच्यासमोर ठेवली. "सात कितीतल्या?" एवढंच विचारलं, आणि डबा धुवायला नळाकडे गेल्या. मुलाने स्वतः शोधलेलं उत्तर तो विसरत नाही, हा त्यांचा जुना अनुभव होता.

शेवंतीने पानं उलटली. नऊ सामने झाले होते. प्रत्येक सामन्यात ती किती वेळा उभी राहिली ते बोटाने मोजलं. कधी दोनदा, पण जास्त वेळा एकदाच. एकूण तेरा. मग क्षिप्राचं मोजलं. क्षिप्राचं घर मैदानासमोरच, त्यामुळे तिचा नंबर कायम पहिला. बावीस. शेवंतीने पुन्हा मोजलं. बावीसच. एकेक सामना शेजारी शेजारी धरला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की दरवेळी क्षिप्राला एक पाळी जास्त मिळाली होती. ओळ दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा सुरू होई आणि शेवंतीपर्यंत येण्याआधीच सामना संपे. नऊ सामने, नऊ पाळ्या.

बाई परत आल्या तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"तेरातल्या सात," ती म्हणाली. "अर्ध्याच्या वर. क्षिप्राच्या बाविसातल्या अकरा, बरोबर अर्ध्या. आणि सोनल वीस वेळा उभी राहिलीय, बाई! विसातल्या आठ."

"मग?"

"मग सरांना सांगा ना तुम्ही."

"मी का? मला कुठे कल्याणला जायचंय?"

रविवारी सकाळी कल्याणच्या एका शाळेचा संघ आला. आपल्या संघात राखीव कोणीच नाही, मोजून नऊ जणी. शेवंती सव्वासातला आली, पुठ्ठ्यासमोर उभी राहिली, पेन्सिल हातात घेतली आणि सोडून दिली.

"लिही गं लवकर," सर म्हणाले. "यादी पंचांना द्यायचीय."

"मी लिहिणार नाही, सर."

"म्हणजे? खेळायचं नाही?"

"खेळायचंय. पण घड्याळाने लावलेल्या नंबरावर नाही."

मुली गोळा झाल्या. क्षिप्राने तिला बाजूला ओढलं. "अगं, वेडी आहेस का? आठ जणींना घेतील का खेळायला? हवं तर मी वर तुझं नाव लिहिते, माझं खाली टाकते. सरांना कळणार पण नाही."

"मला उसना नंबर नको."

"मग काय पाहिजे तुला?" सरांचा आवाज चढला. "वर्षभर हाच नियम आहे. तेव्हा तोंड नव्हतं? घड्याळ कुणाचा मामा नसतं, शेवंती."

"नसेल. पण ते वर्तकनगरात राहतं, सर."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. पाण्याचं सांगावं, असं क्षणभर शेवंतीच्या मनात आलं. सांगितलं असतं तर सर विरघळले असते, हे तिला ठाऊक होतं. पण मग मिळालेला नंबर दयेचा झाला असता. तिने ओठ घट्ट मिटले, आणि उघडले ते आकड्यांसाठी.

"मी तेरा वेळा उभी राहिले, त्यात सात हिट. सोनल वीस वेळा, त्यात आठ. तुम्ही फळ्यावर नुसत्या सात आणि आठ लिहिल्यात. चिठ्ठ्या टाका, उंचीने लावा, कसंही लावा. त्यात माझा नववा आला तर मी हूं की चूं करणार नाही."

सरांनी चित्राबाईंकडे पाहिलं. बाई छत्रीची काडी सरळ करण्यात गुंतल्या होत्या.

पण सर हरले नव्हते. मैदानावर आयुष्य काढलेला माणूस तो. "बरं, आता माझं ऐक," ते म्हणाले. "नवव्या नंबरला पिचर काय टाकते? हलका बॉल. तिला वाटतं, ही शेवटची, हिला काय येणार! पहिल्या नंबरला ती पूर्ण जोर लावते. तुझ्या सातातल्या किती हिट त्या हलक्या बॉलच्या, हे बाईंच्या वहीत आहे का?"

हा प्रश्न शेवंतीच्या डोक्यात आला नव्हता. तो खराही असू शकत होता. "वहीत नाही," ती म्हणाली. "म्हणून मला वर पाठवा, आणि बघा."

पंचांनी शिट्टी मारली. सरांनी कागद ओढून काढला, तळाची ओळ शेवंतीच्या नावाने स्वतःच भरली आणि क्रमांक खालून वर लिहून काढले. "घ्या! आज गंगा उलटी. शेवंती पहिली, क्षिप्रा नववी. होऊन जाऊ दे."

"मी आठवी?" सोनल ओरडली. "सर, मी रोज साडेसहाला येते! झोप मोडून येते!"

त्या बोलण्यात खोट नव्हती, आणि शेवंतीने मान खाली घातली नाही तरी ते तिला टोचलं.

कल्याणची पिचर उंच, खांद्याने रुंद. तिचा पहिला बॉल शेवंतीला दिसलाच नाही, नुसता ऐकू आला. दुसरा दिसला तोवर हातमोज्यात गेला होता. तिसऱ्यावर तिने जीव खाऊन बॅट फिरवली आणि स्वतःच गरकन फिरून खाली बसली. तीन बॉल हुकले की बाद. आऊट. समोरच्या मुली खिदळल्या. परत येताना सरांच्या तोंडावर राग नव्हता. 'बघ, सांगत होतो की नाही' एवढंच होतं, आणि ते रागापेक्षा वाईट होतं.

"एक झाली," शेवंती त्यांच्या बाजूने जाताना म्हणाली. "बाई, तेराच्या चौदा करा."

दुसऱ्या वेळी तिने बॅट वर धरली, आखूड धरली. बॉल लागला, पण थेट पिचरच्या पायाशी गेला आणि तिने तो शेवंतीच्या आधी बेसवर पोचवला. आऊट. पंधरा. तिसऱ्या वेळी पिचरचा दम थोडा कमी झाला होता आणि शेवंतीला तिचा हात ओळखता येऊ लागला होता. बॉल सुटण्याआधी तिचा डावा खांदा झुकत असे. शेवंतीने त्या खांद्यावर नजर ठेवली. फटका समोरच्या दोघी खेळाडूंच्या मधून सरळ मागच्या भिंतीपर्यंत गेला. ती दुसऱ्या बेसवर उभी राहून धापा टाकत होती आणि क्षिप्रा लांबून नाचत होती.

त्या हिटने सामना जिंकला वगैरे काही नाही. सामना कल्याणने दोन धावांनी जिंकला. क्षिप्राला दोनच पाळ्या मिळाल्या आणि दोन्ही फुकट गेल्या. "सर, तिथे बसून बसून हात गार पडतात," ती मोजे काढत म्हणाली. "आणि नंबर आला की वाटतं, आता हाच एक चान्स. मग काहीही फिरवलं जातं. ही वर्षभर कशी काय खेळली?"

सोनललाही दोनच पाळ्या आल्या होत्या. हिट एकही नाही.

सर वहीजवळ बसले. "सोनल आठ, शेवंती आठ. बरोबरी. आणि बरोबरी असली की जी आधी येते ती. शिवाय मी म्हणालो तेच झालं. वर गेलीस आणि पडलीस. तीनातली एक."

"हो, सर," शेवंती म्हणाली. "तुमचं खरं निघालं."

ती एवढ्या सरळपणे कबूल करेल असं सरांना वाटलं नव्हतं. तिने वही आपल्याकडे वळवली.

"मी तेरातल्या सात होते, ती सोळातल्या आठ झाले. अर्ध्याच्या वर होते, ती अर्ध्यावर आले. क्षिप्रा अर्ध्यावर होती, ती खाली गेली. म्हणजे नंबराने माझं बदललं, तिचंही बदललं. मग वर्षभर कोण कुठे उभी होती ते न बघता तुम्ही नुसत्या हिट कशा मोजता, सर? माझं नाव घाला असं मी म्हणत नाही. प्रत्येकीच्या नावापुढे ती किती वेळा उभी राहिली ते लिहा. ते लिहून मग ज्या चार वाटतील त्या पाठवा. मी घरी जाईन."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दहाव्या नंबरचे ते पॅड त्यांना आठवले की नाही, कोण जाणे. पण त्यांनी पट्टी मागितली. कोऱ्या कागदावर सगळ्यांची नावं आणि हिट लिहिल्या, त्याला लागून एक नवी उभी रेघ मारली, वर 'पाळ्या' असं लिहिलं आणि बाईंना म्हणाले, "सांगा."

बाई आकडे सांगत गेल्या. सोनलपुढे बावीस पडले. शेवंतीपुढे सोळा. सरांनी त्या दोन ओळींखाली पट्टी धरली. मग चाचणीच्या फॉर्मवर चौथ्या ओळीत त्यांनी शेवंतीचं नाव लिहिलं.

सोनल बॅग उचलून निघून गेली. शेवंती तिच्या मागे चार पावलं गेली. "सोनल, अगं ऐक..." सोनलने वळून पाहिलं नाही. आज ती बोलणार नव्हती, कदाचित उद्याही नाही. शेवंती परत आली. सही करायला तिने पेन घेतलं आणि हवेतच धरलं.

"सर, कल्याणला चाचणीत बॅटिंगचा क्रम कसा लावतात?"

"अगं, ती निवड समितीची माणसं! शाळांच्या नावांनी लावतील, नाहीतर फॉर्म जसे येतील तसे. तिथे कोण विचारायला जातंय?"

"मी विचारीन."

"काय विचारशील?" सर दचकलेच.

"सगळ्यांना सारख्या पाळ्या देणार ना, एवढंच."

"शेवंती, पहिल्यांदा चाललीयेस. तिथे जरा तोंड सांभाळ."

"सांभाळीन, सर. पण विचारीन," ती म्हणाली आणि सही केली.