ओट्यावरचा उशीर

मी एक स्टॉपवॉच बोलतोय. विशालाक्षीला वाटलं होतं, तिच्या गावची, तमिळ मुलखातल्या कुंभकोणमची मराठी मुलं माझ्याभोवती गर्दी करतील, प्रश्नांची उत्तरं पटापट देतील आणि आपल्या माणसांची हुशारी मी आकड्यांत मांडून दाखवीन. मुलं आली खरी. पण दारापुढच्या ओट्यावर बसली आणि गप्प झाली.

माझा जन्म स्वित्झर्लंडचा. कलकत्त्यात मला घोड्यांच्या शर्यतींच्या एका शौकिनाने विकत घेतलं. तो कर्जात बुडाला आणि मी एका विद्यापीठाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत आलो. तिथे दिवा लागायचा, विद्यार्थी बटण दाबायचे, मी मोजायचो. लवकर ते चांगलं, एवढंच मला ठाऊक होतं.

लहानपणीच घर सोडून शिकायला गेलेली विशालाक्षी तिथे एम. ए. झाली. डॉक्टरेटसाठी तिच्यापुढे दोन वाटा होत्या. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत राहून प्राध्यापकांनी ठरवलेल्या विषयावर काम करायचं. जागा तयार होती, शिष्यवृत्तीही. नाहीतर मद्रासला नाव नोंदवून घरूनच स्वतःच्या विषयावर काम करायचं. पण स्वतःचा विषय होता कुठे? प्राध्यापकांनी सुट्टीपुरतं मला तिच्या हाती दिलं आणि ‘काय ते लवकर कळव’ म्हणाले.

घरी आल्याबरोबर तिच्या आत्याने, मीनाक्षीबाईंनी, विचारलं, “मनाची डॉक्टर म्हणजे सुई कोठें टोचणार गं?”

“सुई नाही अत्ते, नुसते प्रश्न.”

“तेही टोचतातच की!”

ती गल्लीतल्या मराठी घरांतल्या मुलांना ओट्यावर बोलावी, चित्र दाखवी आणि मला चालू करी. मुलं दाराकडे पाहत, मग रस्त्याकडे, मग तिच्याकडे. उत्तर फार उशिरा येई. मीही त्यांना मंदच समजलो. ती मात्र मनातून खचत चालली होती.

तिचे वडील सुंदरराव पितळी भांड्यांचे व्यापारी. ते म्हणाले, “कलकत्त्याची जागा सोडूं नकोस. येथें तुज काय मिळणार?”

तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी होकार कळवायचं ठरलं.

त्याच संध्याकाळी शेजारची छोटी गोमती विरजण मागायला आली. स्वयंपाकघरात तिची मराठी धबधब्यासारखी चालली होती. विशालाक्षीने सहज एक चित्र पुढे केलं. माझा काटा हलतो न हलतो तोच उत्तर आलं! विशालाक्षीने तिला रस्त्यावर नेलं, दुसरं चित्र दाखवलं. तितक्याच झटकन तमिळमधून उत्तर. मग तिला ओट्यावर बसवलं, आणि गोमती थांबली.

“हे येत नाही तुला?”

“येतें की अक्का! पण आंत मराठी, रस्त्यावर तमिळ. येथें ओट्यावर ऐकणारा कोण, तें आधीं पाहावं लागतं.”

“ऐकणारी मीच ना?”

“तेंच तर! तुमची मराठी पुस्तकांतली. तुम्ही घरच्या की परक्या, तेंच कळत नाही.”

आतून मीनाक्षीबाई खो खो हसल्या. विशालाक्षी हसली नाही. मला थांबवायचंही ती विसरली. माझा काटा गोल गोल फिरत राहिला आणि मला प्रथमच उमगलं की ज्याला मी मंदपणा म्हणत होतो, त्या क्षणात एक लहानसं मन केवढं काम करत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुंदररावांपुढे उभी राहिली.

“अप्पा, कलकत्त्याला नकार कळवते. मद्रासला नाव नोंदवते. विषय मिळाला.”

“कोणता?”

“आपली मुलं उत्तरापूर्वी थांबतात, तेव्हा त्यांच्या मनात काय चालतं.”

“शिष्यवृत्ती सोडून?”

“होय.”

सुंदररावांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “मग हें घड्याळ? तें तर कलकत्त्याचं.”

“परत पाठवते, अप्पा.”

आता मी कापसात गुंडाळलेला, टपालाने जायच्या लाकडी पेटीत पडून आहे. ती दुसरं घड्याळ कुठून आणणार, मला ठाऊक नाही. पेटीवर खिळे ठोकले जाण्यापूर्वी तुमच्याकडे एवढंच मागतो: एखादं मूल तुमच्यापुढे गप्प राहिलं, तर त्याला जरा वेळ द्या.