ओरियाकची छत्री, बॉथेलचं जॅकेट

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी भारी जळकी आहे. माझ्या शेजारच्या खुंटीवर टोपीवालं हिरवं जॅकेट लटकतं. त्याचं नुसतं नाव काढलं तरी माझ्या काड्या ताठ होतात.

माझं माहेर फ्रान्समधल्या कांताल जिल्ह्यातलं ओरियाक. तो डोंगराळ मुलूख एका विझलेल्या ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावर वसलेला आहे. उन्हाळा आला की लांब शिंगांच्या तांबड्या गाई वरच्या कुरणांत चढायच्या आणि गुराखी दगडी खोपट्यांत राहून चीज करायचे. थंडीत हाताला काम नसे, म्हणून किती तरी माणसं पोटासाठी पॅरिसला गेली आणि तिथे कोळसा विकू लागली. ओरियाकनं मात्र छत्र्यांत नाव काढलं. एका म्हाताऱ्या कारागिरानं मला चेस्टनटच्या लाकडाचा दांडा बसवला, वर निळं जाड सुती कापड ताणलं आणि म्हणाला, "हिच्याखाली गुराखी आणि त्याचा कुत्रा, दोघंही मावतील!" काय ऐट वाटली म्हणून सांगू!

सहा वर्षांपूर्वी शंतनू आणि नेत्रा हे जोडपं तिथे फिरायला आलं, पावसात सापडलं आणि मला घेऊन अमेरिकेत, बॉथेलला आलं. इथे आठ-आठ महिने पाऊस, हे ऐकून मी हुरळूनच गेले. पण मेलं इथे कुणी छत्रीच उघडत नाही! पाऊस आला की टोपी डोक्यावर ओढायची आणि चालू पडायचं. पाहुण्यांसमोर नेत्रा म्हणायची, "हात नका हं लावू, खास फ्रान्सची आहे!" कौतुक माझं, पण शाळेत, सॉकरला, ट्रेलवर मिरवायचं कुणी? त्या हिरव्यानं. वर घरी येऊन माझ्याच शेजारी थेंब गाळत बसायचं. मुद्दाम, दुसरं काय!

त्यांची लेक इला आता बारा वर्षांची आहे. तिच्या फ्रेंचच्या वर्गात एकेका जिल्ह्यावर प्रोजेक्ट होतं.

"आई, मी कांताल घेतलंय. छत्री नेऊ? प्लीज?"

"ने, पण जपून हं."

इलाच्या अंगावरच्या त्या हिरव्याकडे बघत मी तोऱ्यात निघाले. वर्गात इला गाईंबद्दल बोलली, ज्वालामुखीबद्दल बोलली, कोळसेवाल्यांबद्दलही छान बोलली. शेवटी मला उंच धरून म्हणाली, "अँड नाऊ, द अम्ब्रेला!" आणि तिनं खटका दाबला.

मी उघडलेच नाही. सहा वर्षांत कुणी उघडलंच नव्हतं, खटका गंजून बसला होता. तिनं पुन्हा दाबला, दोन्ही हातांनी दाबला. मागच्या बाकावरचा ईशान हसला, "इट्स ब्रोकन, यार!" इलाचे कान लाल झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाळेची बस घराच्या अलीकडे दहा मिनिटांवर थांबते. ती उतरली आणि पाऊस कोसळायला लागला, रोजची रिमझिम नव्हे, खरा पाऊस. वाटलं, आता ही मला कचऱ्याच्या डब्यात टाकणार, आणि टाकलं तरी बिघडलं कुठे? पण इलानं अंगातलं जॅकेट काढलं, मला त्यात नीट गुंडाळलं आणि म्हणाली, "आईची आहेस ना? डोन्ट गेट वेट, ओके?"

आणि पोरगी उघड्या डोक्यानं चालू लागली. तिच्या वेणीतून पाणी गळत होतं, दात वाजत होते. मी तिच्या कुशीत कोरडी ठणठणीत! माझ्यावरचं ते हिरवं चिंब भिजत होतं. आयुष्यात कधी नव्हे इतका हेवा मला तेव्हा वाटला.

दार उघडताच नेत्रा ओरडली, "अगं इला! हातात छत्री असून भिजलीस?"

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काही तरी कौतुकानं टांगून ठेवलेलं असेल. त्याला असं जपू नका हो. खटक्यात दोन थेंब तेल सोडा आणि पावसात न्या. कापड विटलं तर विटू दे, काडी मोडली तर मोडू दे. पण पोरीला भिजवून, त्या मेल्या हिरव्याच्या उपकारावर कोरडं राहायचं, हे मला सोसत नाही.