निम्म्याहून अधिक लोकांचा शब्द

'पाठदुखी' या ऑनलाइन मंचावरचा शोध पायी जायचा, म्हणून त्याला वेळ लागायचा. कुणी घरबसल्या मोबाइलवर 'पट्टा' असा शब्द टाकला की मंचाच्या ऑफिसात गणपतराव उठायचे, चष्मा पुसायचे, शब्दाची चिठ्ठी घ्यायचे आणि पाण्याच्या फिल्टरमागचं दार उघडून आत जायचे. आत मंचावर लिहिणारे सगळे घडीच्या खुर्च्यांवर ओळीनं बसलेले. मंचावर काही लिहिलं की आत एक खुर्ची. लिहिणारा त्या खुर्चीवर असायचा आणि आपल्या घरीही असायचा. त्यात कुणाला काही अडचण नव्हती. गणपतराव पहिल्यापासून विचारत जायचे.

"तुम्ही पट्टा म्हणालात का?"

"नाही बुवा. मी मलम म्हणालो."

ज्यांनी म्हटलेलं असेल त्यांना घेऊन ते परत यायचे, तोवर विचारणारा जेवूनखाऊन आडवा झालेला असायचा. रोज नवे लोक लिहायचे आणि रोज खोली लांबायची.

हा शोध वेगवान करायला हेमांगी दुधाळला आणलं होतं. मालक कोठावळे साहेब तसे प्रेमळ गृहस्थ. दुसऱ्याच्या पाठीवरून हात फिरवताना ती किती भार घेईल याचा अंदाज तेवढा घेऊन ठेवायचे.

"हेमांगीताई, शोध डोळ्याचं पातं लवायच्या आत परत आला पाहिजे. शुक्रवारपर्यंत. नाहीतर मंच बंद."

"आणि आतले लोक?"

"त्यांचं काय? पाठ दुखायला खुर्ची लागते होय?"

हेमांगीनं क्वेरी, म्हणजे शोध कसा घ्यायचा त्याची आज्ञा, उघडून वाचली. तिच्यात चूक अशी नव्हतीच. ती फक्त प्रत्येकाला विचारत होती. इतका आग्रह पंगतीत शोभतो, कामात नाही. उपाय सरळ होता. एकदाच सगळ्यांना विचारून घ्यायचं आणि दाराशी पाट्या लावायच्या: हा शब्द, या खुर्च्या. मग गणपतराव नेमके तिथंच जातील. जोडीला एक नियम: जो शब्द निम्म्याहून अधिक लोकांनी म्हटलाय, तो शोधायचाच नाही. सगळेच जे म्हणतात त्यावरून कुणीच सापडत नाही. या धंद्यातलं हे जुनं शहाणपण होतं, आणि हेमांगीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ती गणपतरावांबरोबर शब्द गोळा करायला आत गेली. प्रत्येकाचं दुखणं शेजाऱ्याच्या दुखण्याहून थोडं मोठं होतं, आणि शेजाऱ्याचंही म्हणणं तेच होतं. एक गृहस्थ तीन खुर्च्यांवर बसले होते आणि तिन्हीकडून उरलेल्या दोघांची तक्रार करत होते. एक बाई दुसऱ्यांना फक्त व्यायाम सांगायच्या. त्यांना स्वतःला उठता येत नव्हतं. 'दुखतंय' हा शब्द जेवणाच्या सुट्टीआधीच निम्म्यांच्या वर गेला.

एका ओळीच्या टोकाला आप्पा बसले होते. हेमांगीचे वडील. मार्केट यार्डात जन्मभर हळदीची पोती वाहिलेले. सकाळीच ती त्यांना घरी चहा देऊन निघाली होती, आणि कसं आहे विचारल्यावर ते "झकास" म्हणाले होते.

"आप्पा, तुम्ही इथं?"

"मागं एकदा. तुझ्या जुन्या मोबाइलवरनं."

"काय लिहिलंत?"

"दुखतंय."

"एवढंच?"

"एवढंच होतं."

गणपतरावांनी लिहून घेतलं. हेमांगी खुर्चीशी उकिडवी बसली.

"आप्पा, हा शब्द आता जाणार. तुमच्याकडं दुसरा नसेल तर तुमची खुर्ची कुठल्याच पाटीवर येणार नाही. परत कुणी तुमच्यापर्यंत पोचणार नाही. आणखी एक शब्द द्या."

"कुठला?"

"कुठलाही. तुमचा असा."

आप्पांनी विचार केला. "बघू."

"'बघू' जाणाऱ्यांत आहे," गणपतराव म्हणाले.

"चाललंय."

"तोही."

"असू दे."

"तो तर पहिल्याच ओळीत गेला."

"आप्पा, पोतं म्हणा," हेमांगी म्हणाली. "पोत्यानं पाठ गेली म्हणा. पोतं इथं कुणीच म्हणालेलं नाही."

"पोत्यावर कशाला आळ घेऊ? पोत्यानंच तुला शिकवलं."

"मग मी लिहिते तुमच्या बदली."

"मग या खुर्चीवर तुम्ही बसाल, मॅडम," गणपतराव म्हणाले. नियम तसा होता.

"तू नको बसू," आप्पा म्हणाले. "खुर्ची वाईट आहे. पाठ धरते. जा, साहेब खोळंबले असतील."

हेमांगी बाहेर आली आणि तिनं नवी क्वेरी चालू केली.

आत खटाखट आवाज झाला, मांडव उतरवताना होतो तसा. ज्यांच्याकडं शब्द उरले होते त्यांच्या खुर्च्या सरकून दाराशी आल्या. ज्यांच्याकडं उरले नव्हते त्यांच्या खुर्च्या मिटल्या, बसलेल्या माणसांसकट, आणि भिंतीला एकावर एक टेकल्या. खोली आखडली. गणपतराव 'पट्टा' घेऊन आत गेले आणि दार पुरतं लागायच्या आत परत आले.

"वा!" कोठावळे साहेबांनी हेमांगीच्या पाठीवर थाप मारली आणि हात क्षणभर तिथंच ठेवला. "शांतता बघा काय झालीय."

आपल्याला काही वाटतंय का ते हेमांगीनं तपासलं. वाटत नव्हतं. तिनं एका चिठ्ठीवर 'दुखतंय' लिहून गणपतरावांना दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"कोरी आहे, मॅडम."

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा आप्पा टीव्हीसमोर भाकरी खात होते.

"कसं आहे, आप्पा?"

त्यांचे ओठ हलले. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. खाणं झाल्यावर ताट उचलायला ते वाकले आणि वाकतच राहिले. आधी कमरेत, मग गुडघ्यांत. शेवटी कडी बसल्यासारखा लहानसा आवाज झाला आणि ते मिटलेल्या खुर्चीसारखे सपाट झाले. हेमांगीनं त्यांना उचललं. वजन फारसं नव्हतं. वाटेत कुणी अडखळू नये म्हणून तिनं त्यांना दारामागं, इस्त्रीच्या टेबलाशेजारी नीट उभं केलं. घसरू नयेत म्हणून पायांखाली फडकं सरकवलं. तोंड बाहेरच्या बाजूला ठेवलं.

त्यांचे ओठ पुन्हा हलले. एका शब्दापुरते.

"काय म्हणालात?"

पुन्हा तेवढेच हलले.

तिनं टीव्ही बंद केला. पंखा बंद केला. खिडकी लावून घेतली आणि कान त्यांच्या तोंडाशी नेला. कानाला ऊन श्वास लागला. थोड्या वेळानं पुन्हा लागला.