अडीच इंच खाली

गाडी खाली घ्या म्हणून माझ्या बोईसरच्या गॅरेजात येतात ती बहुतेक रिकामटेकडी पोरं. त्यांना मी चहासुद्धा विचारत नाही. गाडीचा भार पेलणारे कमानपट्टे बसवण्यात माझी तीस वर्षं गेली. चांगली उंच गाडी रस्त्याला घासत नेण्यात कसली मर्दुमकी, ते मला अजून कळलेलं नाही. त्यामुळे माकुणसारचा मितेश पिकअप घेऊन आला आणि म्हणाला, "भगवंत मिस्त्री, गाडी खाली घ्यायची हाय," तेव्हा मी मानही वर केली नाही.

"पुढचं दुकान बघ."

"आयसाठी घ्यायची हाय," तो म्हणाला.

मग ऐकावंच लागलं. त्याच्या आईची, दमयंतीबाईंची, धाकटी बहीण हेमांगी इथंच कुंभवलीला राहते, माझ्या गॅरेजपासून दहा मिनिटांवर. दीड महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरून तिचा पाय मोडला. आणि सख्खी मोठी बहीण अजून तिला बघायला गेली नव्हती. का, तर पिकअप उंच, पाय चढत नाही. रिक्षात कंबर धरते. "मावशीनं आता आयचा फोन घ्यायचा पन सोडलाय," मितेश म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

त्याचे वडील विश्रामभाऊ सोबत होते. त्यांची काळजी वेगळी. "खाली घ्या, पन माझी चिकूची ट्रॉली ओढली पायजे. वाडीतला सगळा माल तिच्यावर जातो."

म्हणजे गाडी बसकी हवी आणि ताकद बैलाची हवी. मी चार शब्द सुनावले आणि कामाला लागलो. कमानीचा बाक थोडा उतरवला, पुढची बाजूही जुळवून घेतली. अडीच इंच खाली. वर पाय ठेवायला पायरी लावून दिली.

तिसऱ्या दिवशी गाडी परत. दमयंतीबाई चढल्या म्हणे आरामात, पण वेशीपर्यंत जाईस्तोवर त्यांच्या पाठीत चमक भरली. गाडी दणके देते. माझ्याकडून गेलेली गाडी परत येत नाही, हे सगळ्या औद्योगिक वसाहतीला माहीत आहे. माझं डोकं तापलं. पण बाईचं खोटं नव्हतं, कमान सपाट केली की ती कडक लागतेच. कमानीच्या पट्ट्यांतले दोन पाटे काढून ती मऊ केली आणि मागे हवेचे फुगे बसवले. रिकामी असताना हवा कमी ठेवायची, ट्रॉली जोडली की भरायची. हे काम मी लाखात एक केलं होतं. स्वतःचं म्हणून सांगत नाही.

आठवड्यानं मितेशचा फोन. "मिस्त्री, आय विचारते, दोन पाटे काढले तर ट्रॉली कशी ओढंल? बाबांचे चिकू रस्त्यात पडतील म्हणते."

जन्मात ज्या बाईनं कमान बघितली नाही, तिला पाट्यांची चिंता! मी ओरडलो, "ट्रॉली भरून घेऊन ये. आणि आयलापन घेऊन ये. माझ्या डोळ्यांसमोर काय ते होऊ दे."

आले. ट्रॉलीत क्रेटवर क्रेट. दमयंतीबाई माकुणसारहून पालघरमार्गे बोईसरपर्यंत बसून आल्या होत्या आणि तोंडावर एक सुरकुती जास्तीची नव्हती. मी मितेशला उतरवलं आणि स्वतः स्टिअरिंगला बसलो. बापलेक विश्रामभाऊंच्या मोटारसायकलवर मागून, ट्रॉलीवर लक्ष ठेवून.

"वहिनी, दणका लागला तर सांगा."

नाही लागला. खड्डे मी निवडून घेत होतो. ट्रॉली मुकाट मागून येत होती.

"ह्यो रस्ता कुठं जातो?" त्यांनी विचारलं.

"कुंभवलीला."

बाई ताठ झाल्या. म्हणाल्या, "ट्रॉली नाक्यावर सोडा."

"कशाला?"

"बरी नाय दिसत. आनि काच वर घ्या."

भर दुपारची वेळ, केबिनमध्ये तव्यासारखं तापलेलं. "वहिनी, गाडीला एसी नाय."

"मला ठाव हाय. हेमांगीला नाय ठाव."

मी गाडी बाजूला घेतली. मग एकेक बाहेर पडलं. दोन वर्षांपूर्वी हेमांगीच्या मुलानं मोटार घेतली, ती फोनवर तासभर तिचंच कौतुक करत राहिली. तेव्हा ह्या तावातावात बोलून गेल्या, आमच्या मितेशनंपन घेतली, पांढरी, एसीवाली. त्यानंतर पिकअपमधून कुंभवलीला जाणार कशा? आधी सण चुकवले, मग तिच्या नातवाचं बारसं चुकवलं, आणि मग पाय मोडला.

"आणि मला तीन आठवडे नाचवलंत!" मी म्हणालो. मला खरोखर राग आला होता. "तिकडं बहीण पडलीय, आनि तुमी कमानीचा बाक बघताय?"

त्या रडायला लागल्या. "आता कुठल्या तोंडानं जाऊ, मिस्त्री? जेवढं लांबवलं तेवढं जास्तच लागतंय."

मी गाडी चालू केली. काच उघडी ठेवली, ट्रॉली तशीच ओढली, आणि गाडी हेमांगीच्या दारातच नेऊन उभी केली.

ती ओटीवर बसली होती, शेजारी वॉकर. तिनं पिकअप बघितली, ट्रॉली बघितली, चिकू बघितले. दमयंतीबाई जागच्या हलेनात. तिथूनच म्हणाल्या, "हेमे, हीच गाडी हाय. दुसरी नाय. मी खोटं बोलली."

हेमांगी उठली. वॉकर टेकत टेकत गाडीपर्यंत आली. डोळे भरले होते.

"मला वाटलं, गाडी मोठी झाली तशी माझी बायपन मोठी झाली. आता कशाला येते आपल्याकडं! पाय मोडला तवा मी काय गाडीची वाट बघत होती?"

दमयंतीबाई उतरल्या कधी, मला दिसलंच नाही. दोघी एकमेकींना धरून रडल्या, मग भांडल्या, मग परत रडल्या. मी इंजिन बंद केलं.

पुष्कळ वेळानं हेमांगीनं उघड्या दारात सीटकडे पाठ केली आणि उभी होती तशीच मागे सीटवर टेकली. मोडका पाय उचलावासुद्धा लागला नाही. "रिक्षात पाय दुमडत नाय म्हनून दोन महिने घरातच हाय गं," ती म्हणाली. "हितं सरळ राहतो. ने मला चार दिवस माकुणसारला."

दमयंतीबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"अगो, तुझ्यासाठीच तर खाली घेतली गाडी."

मितेश, विश्रामभाऊ आणि मी, तिघांनीही ते ऐकलं. मी खाली वाकून फुग्यांतली हवा बघायला लागलो.