चार बोटं आटलं की

हरिओमच्या दहाव्याला कावळा शिवेना. पिंडाशेजारी चहा ठेवला, पेढा ठेवला, कुणीतरी तंबाखूची पुडीसुद्धा ठेवली. कावळे बाभळीवर बसून नुसते बघत राहिले. उन्हानं लोक कावले. शेवटी माझ्या सासूबाई, चंद्रभागाबाई, पुढं झाल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "लेकरा, तुजी ती बिअर मी सोता करते. वर्षश्राद्धाला ठिवते. आता जेव." कावळा आला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण आला खरा.

शब्द दिला म्हणजे पाळणं आलं. आणि पाळणार कोण, तर बिअरचा वास आला की नाकाला पदर लावणारी ही बाई आणि मी.

हरिओम, माझा नवरा, आधी पुण्यात होता, बिअर बनवणाऱ्या एका हॉटेलात. नोकरी सुटली, आम्ही केजला परत आलो, पण त्याचं वेड काही सुटलं नाही. ज्वारीला मोड आणायचे, ती वाळवून भरडायची, गरम पाण्यात ठेवून गोड रस काढायचा. मग तो रस कडू फुलं टाकून रटरटा आटवायचा आणि गार झाला की यीस्ट घालून पिंपात झाकून ठेवायचा. सगळी मेख त्या आटवण्यात. वाफेवर किती जाणार हा अंदाज चुकला की बिअर एकतर पाणचट, नाहीतर चिकट गोड. पुण्याच्या उभट भांड्याचा हिशोब त्यानं इथल्या खव्याच्या पसरट कढईला लावला आणि पहिल्याच खेपेला काकवी करून बसला. मी आठवडाभर त्याला काकवीवाले म्हणत होते. मग त्यानं हिशोबच सोडला. रस ओतला की उलथन्याचा दांडा उभा बुडवायचा आणि ओल्या खुणेपासून खाली चार बोटं धरायची. चार बोटं आटलं की जाळ ओढायचा. त्यानंतर त्याची बिअर कधी बिघडली नाही.

एका संध्याकाळी नेकनूरच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल उभ्या ट्रॉलीला धडकली, आणि ती चार बोटं त्याच्याबरोबर गेली. हे आमच्या दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

पहिल्या खेपेला मी माझीच चार बोटं धरली. माझी बोटं बारीक. रस कमी आटला आणि बाटलीतून निघालं कण्यांचं पाणी. दुसऱ्या खेपेला सासूबाईंची धरली. ऊसतोडीत त्यांची बोटं जाडजूड झालेली, त्या मापानं रस पार घट्ट झाला. आम्ही एकमेकींच्या हातांना नावं ठेवली, भांडलो आणि एकाच ताटात जेवलो. तोवर तिथी जवळ आली. आता एकाच खेपेपुरती सवड होती.

तिसऱ्यांदा चूल पेटवली आणि दांडा हातात घेऊन मी तशीच उभी राहिले.

"तुज्या न् माज्या मधलं माप धर," सासूबाई म्हणाल्या.

"मधलं म्हंजे किती?"

"मला कावून इचारती? त्येचा हात तू धरलायस."

मी डोळे मिटले. अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग आठवला. वाकडं नख आठवलं, तळव्याची ऊब आठवली. बोटांची रुंदी काही केल्या आठवेना. मोबाईलमधले सगळे फोटो काढून बघितले. प्रत्येक फोटोत शहाण्याचे हात खिशात. मला त्याचा इतका राग आला की मी चुलीपुढं बसून रडले. अजून वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि नवऱ्याचा हात माझ्याकडून विसरला गेला होता.

"मला न्हाई आठवत, आत्याबाई."

त्यांनी जाळ सारखा केला. "मला बी न्हाई. माज्या ध्येनात त्येचा ल्हानपणीचाच हात हाय. माजं एक बोट धरून चालायचा."

मग आम्ही दांड्यावर दोन बोटं माझी धरली आणि दोन त्यांची, आणि तिथं कोळशानं रेघ मारली.

श्राद्धाला पानाशेजारी पेला भरून ठेवला. कावळा लगेच आला. पाहुणे पांगल्यावर मी उरलेली बाटली पेल्यात ओतली आणि एक घोट घेतला. बिअर चांगली झाली होती, पण ती त्याची नव्हती. त्याची किती तरी प्यालेय मी, मला कळतं.

सासूबाईंनी माझ्या हातातून पेला घेतला. नाकाला पदर न लावता घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पुन्हा एक घेतला.

"आशीच लागायची का गं त्येची?"

त्यांनी ती कधी चाखलीच नव्हती. तो प्रत्येक वेळी पहिला पेला त्यांच्यापुढं धरायचा आणि त्या प्रत्येक वेळी तोंड फिरवायच्या.

"हो," मी म्हणाले. "आशीच."

त्यांनी पेला संपवला. मग तो पालथा घालून म्हणाल्या, "लई चांगली करायचा की मंग."