चिंधी झालेली खोळ

मी वर्ली नावाच्या बाईच्या उशीची खोळ बोलतेय. खरं तर आता स्वतःला खोळ म्हणवत नाही. निळ्या पट्ट्यांचा हातभर तुकडा उरलाय, तेवढीच मी.

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात वर्लीच्या आईने लेकीच्या लग्नात द्यायला मला शिवलं. माझी वीण इतकी घट्ट, की बदकाचं एक पीस बाहेर डोकावत नसे. माझ्यावर कायम पांढरा अभ्रा. त्यामुळे वर्लीचा नवरा होबर्ट जन्मभर शेजारी घोरला, पण मला त्याने कधी धड पाहिलं नाही. वर्लीला मात्र माझ्यावाचून झोप येत नसे. बहिणीकडे राहायला गेली तरी उशी बगलेत मारून जायची.

होबर्टला नाद ठासणीच्या बंदुकीचा. नळीत दारू ओतायची, तोंडावर कापड ठेवायचं, त्यावर शिशाची गोळी, आणि गजाने दोन्ही आत ठासायचं. कापड पातळ असलं तर जळतं आणि गोळी भरकटते. जाड असलं तर गोळी आत जाता जात नाही. दुकानातलं हल्लीचं मिश्र सूत तर आत वितळून चिकटतं. म्हणून या खोऱ्यातले नेमबाज बंदुकीपेक्षा चिंधीवर जास्त वाद घालतात, आणि सगळ्यांचा जीव उशीच्या निळ्या पट्ट्यांच्या कापडावर. नव्या कापडाची खळ मात्र आधी धुऊन काढावी लागते. होबर्टसाठी ते काम वर्ली करायची, तोंडाने कुरकुरत आणि हाताने नीट.

गेल्या गुरुवारी तिने माझी पिसं कागदी पिशवीत काढली, मला धुतलं आणि दोरीवर टाकलं. दुपारी तिच्या पोटात असह्य कळ आली. शेजाऱ्यांनी तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मी दोरीवरून बघत राहिले.

ऑपरेशन सोमवारी ठरलं. शनिवारी नेमबाजीची स्पर्धा होती. होबर्ट जायला तयार नव्हता, वर्लीनेच त्याला पिटाळलं. म्हणाली, इथे बसून माझं तोंड काय बघतोस?

शनिवारी सकाळी तो अंगणात आला. मला चिमटीत धरलं, अंगठ्याने चोळलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

"एवढ्या दुखण्यातसुद्धा माझं कापड धुऊन ठेवलं बाईने," तो स्वतःशीच बोलला.

त्याने टराटरा माझ्या पट्ट्या फाडल्या. मी काय करणार? कापडाला तोंड नसतं. आईने घातलेली शिवण उसवली गेली, तरी त्याला शंका आली नाही. घाईत होता बिचारा.

मैदानात माझा एकेक तुकडा गोळीभोवती गुंडाळून आत गेला आणि धुरासोबत गवतात पडला. होबर्टचा मित्र ड्यूई वाकून तुकडे उचलत होता. उडालेली चिंधी पाहून नेम कसा लागला ते ही माणसं ओळखतात. एकही तुकडा जळला नव्हता की फाटला नव्हता.

"काय रे, बायको दवाखान्यात आणि तू तिच्या चादरी फाडतोस की काय?" ड्यूईने टोमणा मारला. सगळे हसले. होबर्टही हसला. तो पहिला आला.

बक्षिसाचं खारवलेलं मांस गाडीत टाकून तो तसाच वर्लीकडे गेला. ती खुशीत ऐकत होती. मग म्हणाली, "उद्या येताना माझी उशी आण. इथल्या उशीवर डोळा लागत नाही. खोळ दोरीवर आहे, पिसं तेवढी भर."

होबर्टने खिशातून माझा उरलेला तुकडा काढला आणि तिच्या हातावर ठेवला. तिने बोटाने माझी कड चाचपली. आईचे टाके तिथे थोडे शिल्लक होते.

"हिने नेम लावलास?"

"मला वाटलं..."

"हं," वर्ली म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवली. ऑपरेशनआधीच्या दोन्ही रात्री मी तिच्या गालाखाली होते. ती रागावली होती की घाबरली होती, मला कळलं नाही. मी ओली होत राहिले, एवढं खरं.

आज सोमवारी सकाळी तिला ऑपरेशनला आत नेताना नर्सने मला काढून घेतलं. तिचा चष्मा आणि मी, दोघांना एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून होबर्टच्या मांडीवर ठेवलं. दुपार उलटली. दार उघडलं नाही. तो पिशवी दोन्ही हातांनी धरून बसलाय.

कुणीतरी मला आत न्या हो. वर्लीला एवढंच सांगायचंय, की त्याला वाटलं, तू मला त्याच्यासाठी धुतलंस. तू त्याला तशी सवयच लावलीस, बाई.