वेणू मसाल्याची तक्रार

नूतन उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये प्रीतमभाईंच्या ऑफिसात कामाला होती. छोट्या धंदेवाल्यांना वेबसाइटचं नाव नोंदवून द्यायचं आणि साइट चालू ठेवायची, हे तिथलं काम. सोमवारी सकाळी एक ईमेल आला. बदलापूरजवळच्या अनंता म्हात्रेंची 'वेणू मसाले' ही साइट आमच्या अशिलाच्या ट्रेडमार्कचा भंग करते, दोन दिवसांत बंद करा आणि ते नाव खालच्या कंपनीच्या खात्यावर करून द्या, असं कुणा वकिलानं लिहिलं होतं. ट्रेडमार्कचा नोंदणी क्रमांकही दिला होता.

"बंद कर साइट," प्रीतमभाई म्हणाले. "वकील का लफडा अपने को नहीं चाहिए."

"संध्याकाळपर्यंत थांबा ना. खरं आहे का ते तरी बघते," असं म्हणून नूतननं अनंताकाकांना फोन लावला.

तासाभरात काका आले, सोबत त्यांची बायको वेणूकाकी. मसाला काकीच कुटायच्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "देऊन टाक ते नाव, बाय. नाव बदलला म्हणून मसाला काय गोड होनार नाय."

काका नूतनकडे बघत म्हणाले, "ते नाव मी हिला न विचारता नोंदवलंय. तीस वरसांत हिला कधी नावानं हाक मारली नाय. आमच्यात मारत नाय. वाटलं, कुठंतरी लिवावं."

काकी त्यांच्याकडे बघत राहिल्या. हे त्यांनाही नवीन होतं.

नूतननं सरकारी नोंदणीत क्रमांक टाकला. क्रमांक खरा निघाला. 'वेणू' हा ट्रेडमार्क अंबरनाथच्या श्रीपाद वैद्य यांचा होता, बारा वर्षांपूर्वीचा. म्हणजे काकांच्या साइटच्या कितीतरी आधीचा. पण तो अगरबत्तीसाठी होता, मसाल्यासाठी नव्हे. वकिलाची वेबसाइट तर नऊच दिवसांपूर्वी सुरू झालेली. आणि नाव ज्या कंपनीला द्यायचं होतं, तिच्या सरकारी नोंदीत वैद्यांचं नाव कुठंच नव्हतं.

"वैद्यांनाच जाऊन विचारू," नूतन म्हणाली. नोंदणीत पत्ता होताच. तिघं रिक्षानं अंबरनाथला गेली.

श्रीपाद वैद्य सत्तरीचे. दोन खोल्यांच्या कारखान्यात चार बायका काड्या वळत होत्या. त्यांनी ईमेलचा कागद हात लांब करून दोनदा वाचला.

"मी वकीलच केलेला नाही," ते म्हणाले. "ही कंपनीही मला माहीत नाही. माझा नंबर उचललाय कुणीतरी." मग हसले. "बारा वर्षांत माझ्या ट्रेडमार्कची किंमत कळली ती एका चोराला."

नूतनला हायसं वाटलं. तरी तिनं विचारलंच, "पण वैद्यकाका, यांच्या साइटला तुमची खरोखर हरकत असेल तर सांगा."

"यांच्यात वेणू कोण?"

"मी," काकी हळूच म्हणाल्या.

"मग कसली हरकत? माझी वेणू म्हणजे बासरी. तुमची तर माणूस आहे." त्यांनी आपल्या लेटरहेडवर लिहून दिलं, की तक्रार माझी नाही आणि मसाल्याच्या नावाला माझी हरकत नाही. निघताना काकींनी पिशवीतला मसाल्याचा डबा त्यांच्या हातात ठेवला.

नूतननं त्या वकिलाला कळवलं, की श्रीपाद वैद्यांच्या सहीचं अधिकारपत्र पाठवा. उत्तर आलं नाही. आठवड्यानं प्रीतमभाईंनी तक्रार खोटी म्हणून निकाली काढली.

त्या दिवशी अंबरनाथहून परतताना काकींनी रिक्षात नूतनचा फोन मागून घेतला. साइट त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. बोटानं सावकाश वर सरकवत त्यांनी सगळी पाहिली. काका बाहेर बघत होते, पण कान इकडेच होते.

"चांगली हाय," काकी म्हणाल्या. "फकस्त या फोटूत झाकण वाकडं बसलंय. उद्या दुसरा डबा भरून देते, त्याचा फोटू काढा."